नोकरी सोडायच्या आधी

शहादा

चि. पल्लवीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "आई, मला हे काम जमत नाही." आणि त्याच दमात सांगितलंस, की नाइटला वॉर्डात ३० पेशंट आणि सिस्टर तू एकटी. बाळा, मग कमी तू पडतेस की तिथली माणसं? नर्सिंग कौन्सिलचा निकष तू शिकली आहेस: साध्या रुग्णालयात ५ पेशंटमागे एक नर्स, शिकवणीच्या रुग्णालयात ३ मागे एक.

२००२ मध्ये नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन यांचा अमेरिकेतला अभ्यास आला. एका नर्सवर एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेला रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, आणि नर्स पार पिचून जाण्याची २३ टक्क्यांनी. तुझं रात्रीचं रडणं मला या आकड्यात दिसतं.

पण नुसत्या संख्येने वॉर्ड चांगला होत नाही. त्याच साली आयलीन लेक यांनी नर्सना त्यांचं कामाचं ठिकाण कसं वाटतं हे मोजायला ३१ विधानांची प्रश्नावली केली. माणसं पुरतात का, डॉक्टरांशी कसं जमतं, निर्णयात नर्सला विचारतात का, हे सगळं त्यात आहे. मला विचारशील तर मी आधी वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर कशी आहे ते बघेन.

धडगावकडची सिकलसेलची (रक्ताचा आजार, अंग असह्य दुखतं) एक पोरगी माझ्या वॉर्डात दुखण्याने तळमळत होती. डॉक्टर म्हणाले, "नाटक करते." मी पुन्हा सांगायला गेले तर सगळ्या नातेवाइकांसमोर माझ्यावर खेकसले. आमच्या इन्चार्ज सिस्टर हातातला इंडेंट (औषध-सामान मागवायचा कागद) खाली ठेवून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, सिस्टर मघापासून तिच्याजवळच आहे. एकदा बघून घ्या." सरांनी बघितलं, सलाईन आणि दुखण्याचं इंजेक्शन लिहिलं. पहाटे पोरगी झोपली. त्या बाईंच्या हाताखाली मी डबल ड्युट्याही केल्या, पण नोकरी सोडावी असं मनात आलं नाही.

तुझ्याकडे असं कोणी उभं राहतं का? दर नाइटला किती पेशंट, किती सिस्टर, मावशी होती की नाही, हे तारखेनिशी लिही आणि तुम्ही चौघी-पाचजणी मिळून मेट्रनकडे लेखी द्या. एकटी जाऊ नकोस. त्यांनी ऐकलं नाही तर ते हॉस्पिटल खुशाल सोड; धुळ्याला, नंदुरबारला अर्ज करू. नर्सिंग सोडायचं मात्र त्या एका वॉर्डावरून ठरवू नकोस.

तुझी,
आई