आराखडा आणि चिप

मुंबई

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

नॅनोफोटॉनिक्समध्ये, म्हणजे नॅनोमीटरच्या मापाच्या रचनांत प्रकाश खेळवण्याच्या शास्त्रात, पीएच.डी. करावी की ऑप्टिकल उपकरणांच्या डिझाइनची नोकरी धरावी, असे तू विचारले आहेस. माझी उमेदीची वर्षे याच विषयात गेली असल्याने माझे मत तटस्थ असणार नाही. तरी माझ्या लेखी आधी पाहायचे ते एवढेच, की तू आखलेली रचना स्वतः घडवण्याची आणि मोजण्याची संधी तुला कोठे मिळेल.

सिलिकॉनचे रिंग रेझोनेटर, म्हणजे प्रकाश गोल फिरवणारे चिपवरचे इवलेसे कडे, घे. सिलिकॉनचा अपवर्तनांक (प्रकाश किती मंदावतो आणि वळतो याचे माप) सुमारे ३.५ आणि भोवतीच्या सिलिकाचा १.४५च्या आसपास असल्यामुळे १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश जेमतेम ४५० नॅनोमीटर रुंद आणि २२० नॅनोमीटर जाड पट्टीत कोंडता येतो, आणि ती पट्टी वर्तुळात वळवली की ठरावीक तरंगलांब्याच तीत टिकून राहतात. सिम्युलेशनमध्ये हे फार देखणे दिसते, कारण तिथली भिंत गुळगुळीत असते. एचिंगनंतरची, म्हणजे नको असलेले सिलिकॉन कोरून काढल्यानंतरची, भिंत खडबडीत निघते, तिच्यावर प्रकाश विखुरतो, आणि रुंदी एका नॅनोमीटरने चुकली तरी अनुनाद, म्हणजे ती टिकून राहणारी तरंगलांबी, जवळजवळ तेवढाच सरकतो. तापमानानेही तो सरकतो, म्हणून रिंगेवर छोटा हीटर बसवावा लागतो आणि त्याला लागणाऱ्या विजेचा हिशेब डिझाइन करणाऱ्यालाच द्यावा लागतो. शिवाय आपल्या मुंबईच्या पावसाळ्यात क्लीन रूममधली (चिप घडवण्याच्या धूळमुक्त खोलीतली) आर्द्रता जरा वाढली, की नक्षी उमटवण्यासाठी लावलेला रेझिस्टचा थर वेफरला, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीला, नीट धरत नाही. हे कोणतेही सॉफ्टवेअर सांगत नाही.

यावरून गणित दुय्यम आहे असे मात्र समजू नकोस. एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी १९८७ साली स्वतंत्रपणे फोटॉनिक क्रिस्टलची, म्हणजे ठरावीक अंतराने तीच मांडणी पुन्हा पुन्हा येऊन प्रकाश अडवणाऱ्या रचनेची, कल्पना मांडली. पुढे याब्लोनोविच यांच्या गटाने मायक्रोवेव्हसाठी केलेल्या एका रचनेत पूर्ण बँडगॅप, म्हणजे कोणत्याही दिशेने लहरी जाऊ न शकणारा वारंवारतांचा पट्टा, मिळाल्याचे मोजमापावरून जाहीर केले, आणि तो तिथे नाही हे १९९० साली इतरांच्या आकडेमोडीने दाखवून दिले. तिरकी छिद्रे पाडून केलेली, खरोखर बँडगॅप असलेली रचना त्यानंतर, १९९१ साली आली. मोजणारे आणि गणित मांडणारे एकमेकांना असे अडवत राहतात, म्हणूनच हा विषय मला आवडतो.

पैशाचे म्हणशील, तर तुझ्या मैत्रिणी ठाण्यात घर बघत असतील तेव्हा तू फेलोशिपवर असशील. त्याची चिंता मला आहे, तुझ्या बाबांना अधिक आहे. पण तेवढ्यासाठी नोकरी धर, असे आम्ही म्हणणार नाही.

गाईडना भेटशील तेव्हा इलेक्ट्रॉन बीम लिथोग्राफीच्या (इलेक्ट्रॉनच्या झोताने नक्षी रेखण्याच्या) यंत्रावर विद्यार्थ्यांना स्वतः बसू देतात का, पाळी किती दिवसांनी येते, आणि मोजमापाचे ऑप्टिकल टेबल प्रयोगशाळेचे स्वतःचे आहे की दुसऱ्या विभागाचे, हे नीट विचारून घे. नोकरीच्या मुलाखतीत फॅबमधून, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्यातून, परत आलेल्या चिपची चाचणी कोण करते ते विचार. दोन्हीकडची उत्तरे मला कळव, म्हणजे पुढचे बोलता येईल.

तुझी,
आई