गुरुवारी सकाळी 11 वाजता

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आधीच सांगते, रागावू नका. आईच्या मेंदूच्या एमआरआय स्कॅनची गुरुवारची वेळ मी घेऊन टाकली आहे. विचारलं असतं तर आई, तू "कशाला उगीच खर्च" म्हणाली असतीस आणि बाबा गप्प बसले असते. म्हणून विचारलं नाही.

दिवाळीला आले तेव्हा गॅसचं बटण अर्धवट उघडं होतं. मला दारातच वास आला आणि तू शेगडीशेजारी कोथिंबीर निवडत बसली होतीस. मागच्या अंगणातून उतू जाणाऱ्या दुधाचा वास लागायचा तुला! 2021 पासून तू "वासच येत नाही गं" सांगत होतीस आणि मी फोनवर "येईल, येईल" म्हणत राहिले. माझं चुकलंच.

बाबा, तुम्ही कापून ठेवलेली ती 2022 ची बातमी मी नीट वाचली. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 51 ते 81 वयाच्या 785 जणांचे मेंदूचे स्कॅन दोनदा काढले. त्यातल्या 401 जणांना मधल्या काळात कोरोना झाला होता. त्यांच्यात वासाशी निगडित भागांची झीज इतरांपेक्षा थोडी जास्त दिसली, सरासरी 0.2 ते 2 टक्के. ही सगळ्यांची सरासरी आहे, आपल्या आईचा रिपोर्ट नव्हे. त्या कात्रणाकडे बघत रात्र-रात्र जागू नका.

नाकाच्या वर, मेंदूच्या तळाशी वासाचे दोन छोटे कंद असतात. ते आक्रसलेत का, वाटेत दुसरं काही अडलंय का, ते डॉक्टरांना बघायचंय. नुसत्या स्कॅनने वास परत येणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलंय. जिभेला खारट-गोड कळतं, पण चवीतलं बरंचसं नाकाचंच असतं. म्हणून तुला सगळं बेचव लागतं आणि आमटीत मीठ वाढतं. बाबा निमूटपणे जेवतात, त्यांचं बीपी मात्र वाढतं. तुझ्या हाताला मी नाव ठेवत नाहीये गं.

मशीन ठकठक फार करतं, पण कानात बोळे देतात, पांघरूणही मिळतं. त्यात क्ष-किरण नसतात, चुंबक असतं. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी घरीच काढून ठेव. गुडघ्याच्या ऑपरेशनचा कागद आठवणीने आण, आत घेण्याआधी दाखवावा लागतो. भीती वाटली तर हातात दिलेला रबरी फुगा दाबायचा, म्हणजे बाहेरच्यांना कळतं. मी दाराबाहेरच असेन. लहानपणी ताप आला की तू माझ्या कपाळाला नाक लावून बसायचीस, तशी.

आणि आता ऐका. इंडक्शन शेगडी शनिवारी पोचेल, ती परत पाठवायची नाही. तोवर रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बाबांनी बंद करायचा, आईने नाही. बुधवारी संध्याकाळी गाडी पाठवते, एसटीने यायचं नाही.

स्कॅन झाला की वासाचा सराव सुरू करू. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, रोज दोनदा, निदान तीन महिने. जर्मनीत ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी 2009 मध्ये हा प्रयोग केला होता, काहींना फरक पडला. बाटल्या मी आणल्यात. लवंगा मात्र आपल्या मिसळणाच्या डब्यातल्याच आण.

तुमची,
छकुली