सी लिंकवर बस वाढवा

संपादक साहेब,

वांद्रे-वरळी सी लिंक 2009 ला सुरू झाला तेव्हा आम्ही घरचे सगळे टॅक्सी करून मुद्दाम बघायला गेलेलो, साडेपाच किलोमीटर, आठपैकी तेव्हा चारच लेन सुरू, वरती त्या जाड केबल्स, आईने तर हात जोडले होते. अभिमान तेव्हाही होता, आजही आहे. आता 2024 मध्ये कोस्टल रोडही त्याला जोडला, त्यामुळे गाडीवाल्यांचं वांद्र्याहून मरीन ड्राइव्ह सुसाट झालं, चांगलंच आहे.

पण ज्यांच्याकडे कार नाही त्यांचं काय? टू व्हीलर, रिक्षा पुलावर चालत नाहीत, समुद्रावरचा वारा बघता बाइकला बंदी मला पटते सुद्धा. मग आम्ही जायचं वांद्रे-माहीमच्या जुन्या रस्त्याने, माहीम कॉजवेनेच. बुधवारी चर्चमधल्या नोव्हेना प्रार्थनेची गर्दी असली की माहीम चर्चच्या सिग्नलला चार-चार वेळा हिरवा होऊन जातो आणि माझी बाइक तिथेच, पुढे टेम्पो, बाजूला बसच्या खिडकीत डोकं टेकून झोपलेली माणसं, आणि डावीकडून एखादी अँब्युलन्स सायरन वाजवत अडकलेली, ते बघून जीव तुटतो हो.

एका बसमध्ये पन्नास-साठ माणसं बसतात, एका कारमध्ये बहुतेक वेळा एकच. म्हणून कळकळीची विनंती आहे की सकाळ-संध्याकाळ सी लिंकवरून दर दहा मिनिटांनी साधी बस सोडा, टोल न घेता, आणि तिला एक लेन राखून ठेवा. मी बाइक घरी ठेवून पहिल्याच दिवशी त्या बसमध्ये बसेन.

- एक बाइकवाला, वांद्रे पूर्व