कॉलनीचा रंग म्हणजे निदान नव्हे

संपादक महोदय,

‘लघवी दिली सोमवारी आणि रिपोर्ट बुधवारी! लॅबवाले करतात तरी काय?’ ही तक्रार पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर नेहमीची आहे. तिचं उत्तर असं, की कल्चरमध्ये आधी जंतू वाढवावा लागतो आणि तो आपल्या घाईने वाढत नाही.

ठरलेल्या मापाच्या लूपने, म्हणजे तारेच्या बारीक कडीने, ०.००१ मिली लघवी जंतूंचं खाद्य असलेल्या प्लेटवर पसरतात आणि प्लेट ३७ अंशांवर १८ ते २४ तास ठेवतात. एकेका जंतूपासून डोळ्यांना दिसेल असा ठिपका तयार होतो, तीच कॉलनी. अशा शंभर कॉलन्या उगवल्या तर मिलीलिटरमागे एक लाख जंतू धरायचे.

सरावलेल्या डोळ्याला इथे बरंच दिसतं. अगार म्हणजे प्लेटमधला जेलीसारखा थर, त्याचे प्रकार अनेक. मॅकॉन्की अगारवर ई. कोलाय या जंतूची कॉलनी गुलाबी, चपटी, कोरडी. क्लेबसिएलाचीही गुलाबीच, पण फुगीर आणि बुळबुळीत. काहींना लूप लावून उचललं तर पाकासारखी तार येते. प्रोटिअस ब्लड अगारवर लाटालाटांनी पसरतो आणि शेजारच्या कॉलन्या गिळून टाकतो. म्हणून लघवीसाठी क्षार कमी असलेला सीएलईडी अगार बरा, त्यावर त्याचं पसरणं थांबतं. स्यूडोमोनासची हिरवट झाक आणि द्राक्षांसारखा वास प्रसिद्ध आहे. मात्र झाकण उघडून नाक लावायची जुनी खोड सोडायलाच हवी. ब्रुसेलासारखा जंतू असला तर हुंगणाराच आजारी पडतो.

तरीही रूपावरून नाव ठरवलं तर फसगत होते. मॅकॉन्कीवरचा गुलाबी रंग लॅक्टोज ही दुधातली साखर आंबवून झालेल्या आम्लाने येतो. ई. कोलायचे काही प्रकार ती आंबवत नाहीत, त्यांच्या कॉलन्या बिनरंगीच राहतात. उलट एन्टेरोबॅक्टर आणि सिट्रोबॅक्टरच्याही गुलाबी दिसू शकतात. दाटीतल्या कॉलन्या खुरटतात, म्हणून सुटी कॉलनीच पाहायची. प्लेट जास्त वेळ राहिली तर सीएलईडीवर आम्लामुळे येणारा पिवळा रंग सगळीकडे पसरतो आणि कोणी आम्ल तयार केलं तेच कळेनासं होतं. ऑक्सिडेज चाचणीसाठी (जंतूत ऑक्सिडेज हे विकर आहे का, हे पाहणारी) कॉलनी मॅकॉन्कीवरून उचलणं हीसुद्धा चूकच. तिथल्या आम्लामुळे निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. ब्लड किंवा न्यूट्रिअंट अगारवरची घ्यावी.

ओळख पटवण्याच्या चाचण्या आणि कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल हे पाहणारी डिस्कची (औषध लावलेल्या छोट्या चकत्यांची) प्लेट, यात दुसरा दिवस जातो. डिस्कची प्लेटच १६ ते १८ तास मागते. त्यामुळे ‘आजच अंदाजाने नाव लिहून द्या’ असा आग्रह डॉक्टरांनी धरू नये, आणि लॅबनेही त्याला बळी पडू नये. पहिल्या दिवशी फार तर ‘लॅक्टोज आंबवणारे ग्रॅम-निगेटिव्ह जंतू, तपासणी चालू’ इतकं कळवावं. (ग्रॅम-निगेटिव्ह म्हणजे ग्रॅमच्या रंगचाचणीत जांभळे न राहता गुलाबी दिसणारे.)

मुळात नमुनाच बिघडलेला असेल तर पुढचं सारं वाया. जागा धुऊन पहिली धार सोडावी आणि मधली धार निर्जंतुक डबीत घ्यावी. दोन तासांत लॅबमध्ये पोहोचवावी. जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवावी, फ्रीझरमध्ये नव्हे. उन्हाळ्यात बाहेर राहिलेल्या डबीत थोडे जंतूही लाखांवर जातात. अँटिबायोटिकची पहिली गोळी नमुना दिल्यावरच घ्यावी. प्लेटवर तीन-चार तऱ्हेच्या कॉलन्या आल्या तर बहुधा ती त्वचेवरची भेसळ असते. अशा वेळी रिपोर्टवर औषध सुरू न करता नमुना पुन्हा द्यावा आणि डबीवर नावासोबत नमुना घेतल्याची वेळही लिहावी.

– एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ