हॉटेलच्या प्लॅनवर सही करायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी, रविवारी सकाळी ११ला सॅम्पल फ्लॅटजवळ भेटतोय, विसरू नका. घोडबंदर रोडवर आता कासारवडवलीपर्यंत मेट्रो येतेय म्हटल्यावर सगळ्याच बिल्डरांना टॉवरबरोबर हॉटेल पण हवंय, आपल्या बिल्डरलाही, त्यात नवल काही नाही, पण आपल्या ब्रोशरमध्ये जिथे गार्डन दाखवलं होतं तिथेच हॉटेल येणार असेल तर आधी आपल्याला विचारायला लागेल ना.

रेरा कायद्याच्या (बिल्डर आणि घर घेणाऱ्यांसाठीचा कायदा) कलम १४ प्रमाणे मंजूर लेआउट किंवा कॉमन एरिया बदलायचा तर बिल्डर सोडून बाकीच्या किमान दोन तृतीयांश बुकिंगवाल्यांची लेखी संमती लागते. आणि कोणी दोन-तीन फ्लॅट घेतलेले असले, किंवा नवरा-बायको-मुलगा अशा वेगवेगळ्या नावांवर असले, तरी ते एकच धरतात, म्हणजे इन्व्हेस्टर लोकांच्या जोरावर आकडा फुगवता येत नाही. ही गोष्ट सेल्सवाले कधी सांगणार नाहीत!

म्हणून "फक्त फॉर्मॅलिटी आहे" म्हणून बिल्डरकडून संमतीचा जो कागद येतोय त्यावर घाईत सही करू नका. आधी महारेराच्या (रेराचं राज्यातलं प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्ट नंबर टाकून मंजूर प्लॅन डाउनलोड करा आणि आपल्या ॲग्रीमेंटला जोडलेल्या प्लॅनशी ताडून बघा. ॲग्रीमेंटची झेरॉक्स रविवारी आणा, ओरिजिनल नको.

हॉटेलला विरोध नाहीये हां कोणाचा, पण गेट, पार्किंग आणि पाणी वेगळं पाहिजे, उन्हाळ्यात टँकर आपल्याच बिलात नको.

परदेशात असणाऱ्यांनी हॉटेलच्या प्लॅनबद्दल ग्रुपवर फक्त हो/नाही कळवा. गुड मॉर्निंगचे फोटो तोपर्यंत बंद, प्लीज.