घंगाळाच्या काठावरचं नाव

बोरिवली, मुंबई

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

गिरगावच्या खोलीतलं पितळी घंगाळ सापडलं. फोनवर सांगितलं असतं, पण बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मला हे सगळं सविस्तर सांगायचंय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव.

घंगाळ कुणी मोडीत घातलं नव्हतं आणि कुणी लांबवलंही नव्हतं. समोरच्या खोलीतल्या काकूंनी ते लेकीच्या हळदीला नेलं होतं, न्हाणाच्या पाण्यासाठी. चाळीत मोठी भांडी या दारातून त्या दारात जायचीच. मग चाळ रिकामी करायची वेळ आली, जिथे ज्याची सोय झाली तिथे माणसं पांगली, आणि काकूंच्या सामानाबरोबर घंगाळही दहिसरला गेलं. चाळीतल्या बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात मी विचारलं तर काकूंनीच कळवलं, "अगं, ते माझ्याकडे आहे की." गॅलरीत ठेवलंय, त्यात अळू लावलाय आणि तो चांगला फोफावलाय.

काठावर नाव आहे हे त्यांना माहीत होतं, पण वाचता येत नव्हतं. पूर्वी भांडीवाल्याच्या दुकानाच्या पायरीवर एक माणूस बसलेला असायचा. बारीक छिन्नीवर हातोडीचे हलके ठोके देत तो ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालून द्यायचा. ते ठिपके आता झिजलेत, त्यांत हिरवं साचलंय. मी काठ ओल्या फडक्याने पुसला, वाळू दिला आणि त्यावर पांढरी रांगोळी चोळली. तळहाताने वरची रांगोळी झटकल्यावर ठिपक्यांत बसलेली तेवढी राहिली आणि अक्षरं दिसायला लागली. मग पातळ कागद लावून वरून पेन्सिल आडवी फिरवली. तो कागद सोबत पाठवते आहे. त्यावरचं नाव मी इथे लिहीत नाही. बाबा, ते तुम्ही भिंग घेऊन स्वतः वाचावं असं मला फार वाटतं, कारण ते तुमच्या आजीचं लग्नाआधीचं नाव आहे. पुढे तिच्या वडिलांचं नाव आहे, गाव आहे, आणि "विवाहप्रीत्यर्थ मामाकडून, वैशाख शके १८४९". म्हणजे १९२७.

गाव बघून मी थबकले. तिचं माहेर संगमेश्वरकडचं असं आपण आजवर धरून चाललो होतो. घंगाळावरचं गाव लांज्याजवळचं आहे.

बाबा, तुम्ही आपल्या सात पिढ्या न अडखळता म्हणता आणि लहानपणी मला त्याचं केवढं कौतुक वाटायचं. पण त्या साती पिढ्यांत एकही बाई नाही. श्राद्धाला आई, आजी, पणजी यांची नावं घेतात, तीही लग्नात ताम्हणातल्या तांदळांत लिहिलेली, म्हणजे सासरची. छापील कुळवृत्तांतांतही बहुतेक ठिकाणी मुलींच्या पुढे रेघ संपते. जिने पंधराएक वर्षं एका नावाने हाकेला ओ दिली, ते नाव कुठल्या कागदावर नाही, आहे ते तिच्या मामाने दिलेल्या पितळेवर. म्हणून मी या भांड्यांच्या मागे लागले आहे. चांदीसोन्याचं काय झालं ते मी कुणालाच विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

आता दुसरी गोष्ट. पणजोबांची वही मुलुंडच्या काकूकडे माळ्यावर होती, लाल रुमालात बांधलेली. आपण ज्याला "वंशावळीची वही" म्हणायचो ती खरं तर जमाखर्चाची आहे. ते मुळजी जेठा मार्केटात एका पेढीवर दिवाणजी होते, त्यामुळे घरचा हिशेबही पेढीसारखाच लिहिलेला, मोडी लिपीत. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि तिला अक्षरं लटकवत जातात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. बाराखडी आली तरी माणसाचा हात ओळखीचा व्हावा लागतो. २०२३मध्ये कुणबी नोंदींसाठी गावोगावची जुनी दप्तरं उघडली गेली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना फुरसत नाही. दादरच्या एका आजोबांनी मात्र वेळ काढून वही माझ्यासोबत बसून वाचली.

जन्माच्या नोंदी खर्चात सापडल्या. मुलगा झाला की साखर, सुईणीला लुगडं, भटजींची दक्षिणा आणि पुढे तिथी, वार, घटका. मुलगी झाली की नुसती सुईणीची रक्कम आणि "कन्या" एवढंच. अशा दोन कन्या आपल्या आजोबांच्या आधी झाल्या होत्या. एकीच्या बारशाचा खर्चच नाही. दुसरीचा आहे, आणि चार महिन्यांनी औषधाचा, मग काहीच नाही. बाबा, तुम्हाला या दोन आत्या होत्या हे कधी कुणी बोललं होतं का? आत्याबाईंना आठवत असेल तर त्यांना विचारा, पण हळू विचारा.

नाशिकलाही जाऊन आले. रामकुंडावर आपले तीर्थोपाध्याय गाव आणि आडनावावरून नामावळी काढतात, तशी त्यांनी काढली. पणजोबांच्या अस्थी घेऊन गेले तेव्हा आजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं पान आहे आणि खाली त्यांची सही, शेवटचं अक्षर लांब ओढलेली. फोटो काढू दिला. मी त्याखाली आपली पुढची नावं लिहिली, माझं माहेरचं आणि आईचं माहेरचं धरून. गुरुजींनी हरकत घेतली नाही.

तांब्याचे दोन हंडे आणि कळशी मी शोधणार नाही. आजोबांची गिरणी जानेवारी १९८२च्या संपात बंद पडली आणि आजीने ती तांबाकाट्यावर वजनावर विकली, हे आई, तूच मला सांगितलं होतंस. त्या पैशांवर घर चाललं. ते तांबं केव्हाच वितळलं असणार. पण तू लग्न होऊन आलीस तेव्हा रोज ते हंडे तू घासायचीस, चिंच आणि राख लावून. त्यांच्या गळ्यावर काय लिहिलं होतं, ते तुझ्या बोटांना आठवत असेल. अर्धंमुर्धं आठवलं तरी चालेल, नुसतं गावाचं नाव आठवलं तरी चालेल.

तुम्हाला अजून थोडी कामं सांगते. देवघरातले टाक आणि मोठं ताम्हण आता पितांबरीने घासू नका, कोरडं पुसा. घासण्यानेच अक्षरं जातात. पोथ्यांच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर पूर्वी जन्मतिथी लिहून ठेवायचे, तेवढी पानं उलटून बघा आणि काही दिसलं तर खिडकीजवळ धरून फोटो पाठवा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, कुणी लॅमिनेशन करून देतो म्हणालं तर देऊ नका. कोऱ्या मलमलीत गुंडाळून ठेवा. आणि बाबा, राजापूरला जाल तेव्हा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात आपल्या गावाचा नमुना नंबर १४ मिळतो का विचारा, जन्ममृत्यूची जुनी नोंद त्यात असते. त्या दोन मुली गावी गेल्या असतील तर तिथे निघतील. जिना चढायचा असेल तर तुम्ही जाऊ नका, मी गणपतीत आले की जाईन.

घंगाळाचं काय करायचं, ते मात्र तुम्ही ठरवा. काकू लगेच द्यायला तयार झाल्या, अळू उपटायलाही निघाल्या होत्या, मीच थांबवलं. इतकी वर्षं त्यांनी ते विकलं नाही, आपल्या घरचं म्हणून ठेवलं. मला ते हवं आहे, अगदी मनापासून हवं आहे. पण मागायचं तर बाबांनी फोन करून मागावं आणि बदल्यात त्यांना दुसरं चांगलं पितळी भांडं द्यावं, त्यांचं नाव घालून.

आई, तू एक वही घे. तुझी आई, तिची आई, तिची सासू, मावश्या, सगळ्यांची माहेरची नावं लिही, जशी आठवतील तशी, क्रमाची काळजी करू नकोस. हात दुखला तर फोनमध्ये बोलून ठेव, मी उतरवून घेईन. तुझ्याकडचं एकही भांडं आपल्या घरी आलं नाही असं तू एकदा म्हणाली होतीस, त्यामुळे ती नावं फक्त तुझ्याजवळ आहेत.

बाबांच्या गोळ्या कुरिअरने पाठवल्या आहेत, मिळाल्या की कळवा.

तुमची
लेक