चौकटीत एक नाव राहिलंय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या क्रीडा पानावरचा बेसबॉलपटू टेड विल्यम्सवरचा लेख वाचला, छान होता. मी बरीच वर्षं बोस्टनजवळ राहतेय, त्यामुळे आपल्या पेपरात बेसबॉल दिसलं की आधी तेच वाचते. पण खालच्या चौकटीत १९४९ ला अमेरिकन लीगमध्ये (तिथल्या दोन मोठ्या लीगपैकी एक) सगळ्यात जास्त आरबीआय (रन्स बॅटेड इन) म्हणून एकट्या विल्यम्सचं नाव छापलंय, ते चूक आहे. १५९ आरबीआय दोघांचे होते, विल्यम्स आणि व्हर्न स्टीफन्स, आणि दोघंही बोस्टनच्या रेड सॉक्स टीमचेच. तिसरा डेट्रॉइटचा व्हिक वर्ट्झ, १३३, म्हणजे हे दोघं किती पुढे होते बघा.

आरबीआय म्हणजे क्रिकेटसारख्या स्वतः पळून काढलेल्या रन्स नव्हेत, तुमच्या फटक्यावर जे जे तिन्ही बेस ओलांडून घरी, म्हणजे होम प्लेटला पोचतात ते मोजायचे, म्हणजे होमरन सोडला तर आधी बेसवर कोणीतरी उभं असावं लागतं. त्या सीझनला विल्यम्सला १६२ वॉक मिळाले (चार खराब बॉल पडले की बॅटरला फर्स्ट बेस फुकट), पिचर त्याला मारण्यासारखा बॉल टाकायलाच घाबरायचे, हा आपला चालत फर्स्ट बेसवर, आणि मग चौथ्या नंबरवर यायचा स्टीफन्स. विल्यम्सच्या नावावर त्या वर्षी १५० रन्स आहेत, त्यातल्या ४३ वेळा तो स्वतःच्या होमरनवर आला, बाकी १०७ वेळा मागच्या कोणाच्यातरी फटक्यावर नाहीतर समोरच्यांच्या चुकीवर. तो मागचा माणूसच तुम्ही गाळलात.

आणि स्टीफन्स शॉर्टस्टॉप होता हो! ही सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली जागा चपळ फिल्डरची, तिथल्या माणसाकडून एवढ्या बॅटिंगची अपेक्षा कोणी करतच नाही. ३९ होमरन मारले त्याने. शॉर्टस्टॉपचे एका सीझनला १५९ आरबीआय आजपर्यंत दुसऱ्या कोणाचे झालेले नाहीत, आणि इतर जागांवरचे धरले तरी १९९९ ला मॅनी रामिरेझने १६५ करेपर्यंत ५० वर्षं तिथे कोणी पोचलं नव्हतं.

लोक म्हणतात रेड सॉक्सच्या घरच्या मैदानाच्या, फेनवे पार्कच्या भिंतीने स्टीफन्सला मदत केली. केली, खरंय. लेफ्ट फील्डची ती ३७ फुटी हिरवी भिंत मी जवळ बसून पाहिलीये, दुसरीकडे आरामात कॅच झाला असता असा उंच बॉल तिथे आपटून खाली येतो आणि बॅटर सेकंड बेसवर उभा. पण त्या वर्षी त्याच भिंतीसमोर बाकीचे उजव्या हाताचे बॅटरपण खेळलेच की, त्यांचे १५९ झाले नाहीत.

एवढं करून रेड सॉक्सचं लीगचं विजेतेपद एका मॅचने हुकलं, ते यँकीजला गेलं. २ ऑक्टोबरला यँकी स्टेडियममध्ये शेवटची मॅच, आठव्या इनिंगला तिन्ही बेस भरलेले आणि यँकीजच्या जेरी कोलमनच्या बॅटवरून एक नुसता लोंबता बॉल राइट फील्डला गेला, रेड सॉक्सच्या झॅरिलाने झेप घेतली पण हातात आला नाही, तिघं घरी. नवव्यात रेड सॉक्सने ३ रन्स काढल्या, तरी यँकीज ५-३ ने जिंकले. कोलमनच्या त्या लोंबत्या बॉलचे ३ आरबीआयही स्टीफन्सच्या खणखणीत फटक्यांसारखेच मोजले जातात, हिशोबच तसा आहे.

हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत) विल्यम्स १९६६ ला गेला, पाचव्या नंबरला खेळणारा बॉबी डोअर १९८६ ला गेला, मधला स्टीफन्स राहिलाच. १९६८ ला वारला, फक्त ४८ वर्षांचा होता. ते आपल्या हातात नाही, पण चौकट आपल्या हातात आहे, पुढच्या रविवारी दुरुस्ती छापाल तेव्हा दोन्ही नावं एकाच ओळीत घ्या ही विनंती.

आपली,
एक वाचक, बोस्टन